थंडी कुणाला वाजत होती

मारत्या, तुझ्याशी भांडायचं राहिलंय, म्हणून हे लिहायला बसलेय.

तुझ्या तेराव्याच्या कार्याला मांडवात जो येईल तो तुझे गोडवे गात होता. पैलवान गडी, दिलदार गडी, चार माणसांत उठून दिसणारा गडी. मी एका बाजूला बसून दातओठ खात ऐकत होते. बेळगावात खासबागेतल्या शाळेत मी पोरींच्या कानीकपाळी दिवसभर ओरडते, शुद्ध बोला, शुद्ध बोला. पण तुझ्याशी शुद्ध बोलायला गेले तर तू वरूनसुद्धा दात काढशील. 'आक्का, घरात पण मास्तरीण झालीस व्हय गं?' तेव्हा आडपडदा न ठेवता सांगते. तू गेलास ते गेलास, पण जाताना बायकोच्या गळ्यात धोंडा बांधून गेलास. तो धोंडा दुसऱ्या कुणी आणला नाही, तुझ्याच तोंडानं घडवलास.

गावात आता पारूला पांढऱ्या पायाची म्हणतात. लग्नाला वर्ष झालं नाही, अंगावरची हळद नीट उतरली नाही, आणि नवरा खाल्ला. हे बोलणाऱ्यांत सगळ्यांत पुढं कोण, तर आपली आई. येईल त्या बाईच्या गळ्यात पडून एकच रडगाणं, 'हिला थंडी सोसत न्हवती गं बाई, हिच्यापायी माझ्या लेकानं गाडीत शेगडी ठिवली, आन त्या शेगडीनं माझा लेक न्हेला.' पारू तिथंच माजघरात भिंतीला टेकून बसलेली असायची. ऐकायची. वर बघायची नाही.

त्या मेल्या शेगडीनंच तुला मारलं, यात कुणाला शंका राहिलेली नाही. निपाणीहून मिस्त्री आला, तुझ्या पिकअपचं बॉनेट उघडून आत हात घातला आणि काळा झालेला हात सगळ्यांना दाखवला. धुराच्या पाइपाला चीर गेली होती. तुझी ती 'सायबाच्या देशातली ऊब' थेट त्या चिरेतून येत होती. बाळंतिणीच्या खोलीत कोळशाची शेगडी ठेवली की दाराला फट ठेवावी, हे आपल्याकडं शेंबड्या पोरीलासुद्धा कळतं. तू मात्र काचा वर करून, दार लावून, इंजिन चालू ठेवून त्यात बसलास. तुझ्या अकलेला काय म्हणावं रं?

ती पिकअप तू बेळगावच्या कॅम्पातून आणलीस तो दिवस मला आठवतो. लढाई संपली होती, गोरे साहेब गाशा गुंडाळायला लागले होते, आणि त्यातल्या एकाची ही जुनी गाडी तू उचललीस. आधी घरी नाही गेलास, आधी खासबागेत माझ्या दारात येऊन भोंगा वाजवलास. गल्लीतली सगळी पोरं गोळा झाली. मला ओढत नेऊन आत बसवलंस आणि लहान पोराच्या तोंडानं सांगायला लागलास, 'आक्का, पायाजवळ हात धर. आता बघ हां.' डॅशबोर्डाखाली एक खुट्टी होती. ती तू ओढलीस. पायाजवळच्या भोकातून गरम वारा आला. हीच ती तुझी शेगडी. ढकललीस, वारा थांबला. पुन्हा ओढलीस.

'कसं रं हे?' मी विचारलं.

'धुराच्या पाइपाभवती पत्र्याची पेटी हाय. पाइप तापला की पेटीतली हवा तापती, ती हितनं आत येती. खुट्टी म्हंजे झडप. लई सोपं हाय.'

सोपं कुठलं? त्या शेगडीची मर्जी राखता राखता तुझा जीव अर्धा व्हायचा. गाडी तवंदीचा घाट चढायला लागली की इंजिन तापायचं आणि तळपाय भाजायचे. तेव्हा खुट्टी अर्धी आत ढकलायची. घाट उतरताना तीच शेगडी गार पडायची. तेव्हा पुरी बाहेर ओढायची. खड्ड्यात चाक गेलं की झडप आपोआप मिटायची, म्हणून तू खुट्टीच्या खाचेत तंबाखूचा वाळका देठ खुपसून ठेवायचास. रस्त्यावरची नजर न काढता डाव्या हातानं देठ काढायचा, खुट्टी जरा सारायची, देठ परत लावायचा. बैलाचा कासरा धरणाऱ्या माणसाच्या हातात असतो तसा अंदाज तुझ्या हातात होता. मला ते बघायला आवडायचं. खोटं कशाला बोलू?

पण निपाणी-संकेश्वरकडच्या रस्त्यावर शेगडी कशाला लागते, हे लोक विचारणारच. तंबाखूच्या मळ्यावर तर पहिल्याच दिवशी विचारलं. 'काय रं पैलवान, गाडीत शेगडी? तुला थंडी वाजती व्हय?' आणि तू फटकन उत्तर दिलंस, 'मला कशाला? आमच्या बायकूला सोसत न्हाय.' हशा झाला. लाडकी बायको म्हणून तुला चिडवलं. तू पण मिशीत हसलास. तिथून ते वाक्य गावभर झालं. पारावर, तालमीत, दळणाच्या गिरणीत, जिथं तिथं एकच, मारुतीच्या बायकोला थंडी सोसत नाही.

मारत्या, थंडी कुणाला सोसत नव्हती ते तुला माहीत होतं आणि मला माहीत होतं.

लहानपणी तुला हिवताप झाला, त्यातून तू उठलास, पण थंडी तुझ्या हाडांत शिरली ती गेलीच नाही. पहाटे तालमीतून तू तांबड्या मातीनं माखून यायचास, सगळ्यांसमोर छाती काढून चालायचास, आणि घराचा उंबरा ओलांडला की ओठ निळे. माझ्या गोधडीत शिरायचास आणि दात वाजायचे तुझे. मी तुझे तळवे चोळायचे. 'आक्का, कुणाला सांगू नगंस. देवाची आन हाय तुला. वस्ताद म्हणतील, थंडीला भिणारं पोरगं कुस्ती काय करणार?' मी कुणाला सांगितलं नाही. आईला सांगायची गरजच नव्हती. तिनं न बोलता तुझ्यासाठी जुन्या लुगड्यांची दुहेरी गोधडी शिवली होती.

तू पारूच्या नावावर हे खपवलंस, तेव्हा मला पहिल्यांदा हसूच आलं. नंतर तुम्ही दोघं खासबागेला आलात. पारू गाडीतून उतरली ती थेट मोरीवर. उमासे थांबेनात. डोकं घट्ट धरून बसली. मी लिंबू-मीठ दिलं. तेव्हा ती हळूच म्हणाली, 'आक्का, त्या शेगडीचा वास डोक्यात जातोय. त्यास्नी सांगा की, बंद ठेवा म्हणून. माझं ऐकत न्हाईत.'

म्हणजे जिच्यासाठी शेगडी, तीच म्हणत होती बंद ठेवा! त्या दिवसापासून ती काच खाली करून, शाल लपेटून, वाऱ्यात बसायची. आणि तू तिच्या बाजूची काच उघडी म्हणून कुरकुरायचास.

आईला त्या उमाशांचं भलतंच कळलं. सून सकाळी सकाळी ओकारी काढते, डोकं धरते, जेवण नको म्हणते. दुसरं काय असणार? तिनं शेजारीपाजारी साखर वाटली. पारू लाजेनं मेली. बोलायची तर सोय नव्हती. पुढं तसलं काही नाही म्हणून कळलं तेव्हा आईनं तोंड वाकडं केलं ते पुन्हा सरळ केलं नाही. आता तेही पारूच्याच खात्यावर, 'पोटात काय धरलं न्हाय, आन घरातला बी घालवला.' गाडीचा धूर त्या पोरीच्या डोक्यात जात होता, आणि आपल्या घरात साखर वाटली जात होती. याच्यावर हसावं की डोकं आपटावं?

मी तुझ्याशी तेव्हाच भांडले होते. आठवतंय ना? चहाची कपबशी हातात घेऊन तू पायरीवर बसला होतास. मी म्हटलं, 'मारत्या, त्या गाडीची शेगडी काढून टाक. पोरीचं डोकं चढतंय, त्यात काहीतरी बिघाड असणार.'

'तिला गाडी लागती गं. सवय न्हाय.'

'आणि लोकांना काय सांगत फिरतोस? तिच्यासाठी शेगडी?'

तू कपात बघितलंस. 'मग काय सांगू? मारुती पैलवान गारठतो म्हणून सांगू?'

'सांग की. कोण फाशी देणार हाय?'

'तू बेळगावात ऱ्हातीस आक्का. तुला न्हाय कळायचं.' मग माझा चेहरा बघून म्हणालास, 'बरं बाई, शिमगा झाला की काढतो. तंबाखू उचलून होऊ दे.'

शिमगा अजून यायचाय. तुझं-माझं भांडण तिथंच पडलंय, अर्ध्यात. त्या दिवशीच मी तुझ्या कानाखाली एक ओढली असती तर काम झालं असतं. आता कुणाच्या कानाखाली ओढू?

त्या पहाटेचं मला मळ्यावरच्या बायकांनी सांगितलं. वाळलेला तंबाखू उन्हाचा हाताळला की चुरा होतो, म्हणून दवानं पान मऊ असतानाच उचलायचा. आपल्या सगळ्यांच्या पहाटा त्यातच गेल्या. धुकं होतं. बॅटरी कमजोर, एकदा इंजिन बंद केलं की हँडल मारून मारून खांदे निखळायचे, म्हणून तू ते चालूच ठेवलंस. बायका मागं भारे चढवत होत्या. तू आत बसलास, काचा वर केल्यास, आणि त्यांना म्हणालास, 'पारू येणार हाय मागनं न्याहारी घेऊन. तिला थंडी सोसत न्हाय, तवर गाडी तापवून ठेवतो.'

झालं. तेवढंच. भारे चढले, बायकांनी मागून फळीवर थाप मारली, गाडी हलेना. पुन्हा थाप मारली. त्यांना वाटलं, पैलवान पेंगला. तेवढ्यात बांधावरून पारू आली, डोक्यावर भाकरीची पाटी, लुगडं गुडघ्यापर्यंत दवानं भिजलेलं. दार तिनं उघडलं. तू केव्हाच गेला होतास, पण त्या धुरानं तुझ्या तोंडावर लाली आणली होती म्हणतात, नुकताच आखाड्यातून आल्यासारखी.

मरतानासुद्धा खोटं बोललास रं. आणि तेच खोटं दहा बायकांनी कानांनी ऐकलं. मिस्त्रीनं पाइपाची चीर दाखवली, पण शेगडी कुणासाठी, याचं उत्तर तू आधीच देऊन ठेवलं होतंस.

मला सगळ्यांत जास्त कशाचा राग येतो सांगू? हे दुसऱ्या कुणी केलं असतं तर मी समजून घेतलं असतं. तू केलंस. माझा नवरा तापानं गेला तेव्हा माझ्या सासरी मला हेच म्हणत होते, हाच शब्द. तू तेव्हा मिसरूड फुटलेला पोरगा, बैलगाडी जुंपून एकटा आलतास. त्यांच्या अंगणात, त्यांच्या भावकीसमोर उभा राहून म्हणालास, 'आमच्या आक्काचं पाय मी जल्मापासनं बघतोय. पांढरं कुठनं आलं? चिखलानं काळं असत्यात.' माझा हात धरून गाडीत बसवलंस. घरी आल्यावर आप्पांच्या मागं लागून मला बेळगावला शिकायला पाठवायला लावलंस. लोक म्हणाले, विधवा पोर शहरात धाडतोय. तू म्हणालास, ज्याला बोलायचं हाय त्यानं तालमीत यावं. आज मी चार पोरींना शिकवून माझ्या पायावर उभी आहे ती तुझ्यामुळं. हे मी तुला कधी तोंडावर बोलले नाही. बोलले असते तर तू म्हणाला असतास, 'रडू नगंस गं, नाक लाल हुतंय.'

ज्यानं माझ्या पायांची साक्ष दिली, त्यानंच आपल्या बायकोचे पाय रंगवले. कशासाठी, तर मळ्यावरच्या चार टग्यांनी हसू नये म्हणून.

म्हणून मी शपथ मोडली, मारत्या. कार्याच्या दिवशी, भरल्या मांडवात. जेवणं व्हायची होती. वस्ताद, तालमीतली पोरं, भावकी, मळ्यावरच्या बायका, सगळे होते. आईनं पुन्हा ते रडगाणं सुरू केलं, 'हिला थंडी सोसत न्हवती...' आणि मी उठून उभी राहिले.

'आये, थंडी हिला वाजत न्हवती. मारुतीला वाजत हुती.'

मी सगळं सांगितलं. हिवताप, निळे ओठ, गोधडी, काच खाली करून बसणारी पारू, तिचे उमासे, तुझं शिमग्याचं वचन. म्हटलं, 'थंडी वाजायची म्हणून लाजत हुता त्यो. लाजेपायी बायकोचं नाव पुढं करत हुता. तिचा काय दोष न्हाय.'

वस्ताद खाली बघत राहिले. तालमीतल्या पोरांनी एकमेकांकडं बघितलं आणि मागं कुणीतरी फिस्सकन हसलं. तुझ्याच मांडवात, रं. ज्या हसण्याला तू जन्मभर भ्यालास ते मी तुला मेल्यावर ऐकवलं. तरी मी खाली बसले नाही.

आई उठली. 'माझ्या पोराला थंडी वाजत न्हवती,' ती म्हणाली.

'आये, गोधडी कुणी शिवली हुती?'

'वाजत न्हवती म्हणते न्हवं? वाघ हुता माझा मारुती!' आणि मग ती माझ्याकडं बोट करून किंचाळली, 'त्या अवदसेपायी मेल्या भावाची अब्रू घालवलीस. हीच शिकलीस बेळगावात?'

तिला माहीत होतं, मारत्या. टाक्यान् टाका तिच्या हातचा. पण तिला वाघ हवा होता, आणि वाघ ठेवायचा तर कुणीतरी डाकीण लागते. आप्पा काठी टेकत उठले आणि गोठ्याकडं निघून गेले. त्यांना कुणी विचारलं असतं तर ते खरं बोलले असते, म्हणूनच गेले. मळ्यावरची एक म्हातारी तेवढी म्हणाली, 'काच खाली करून बसायची ही पोर, मी बघितलंय.' एवढ्यानं गावाचं तोंड बंद होणार नाही, पण एक तरी बोलली.

मी पारूला उठवलं, तिचं बोचकं बांधलं आणि दुपारच्या सर्व्हिस मोटारीनं तिला घेऊन निघाले. आईनं उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं नाही. कडुलिंबाखाली तुझी पिकअप उभी होती. खुट्टी ओढलेलीच आहे अजून, खाचेत देठ तसाच. कुणी हात लावला नाही. मोटारीत वाटभर मी मनात तुला शिव्या घालत होते आणि तरी मला वाटत होतं, चला, एक काम तरी धड केलं. तू माझ्यासाठी केलंस ते मी हिच्यासाठी केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी खासबागेत धुकं दाटलं होतं. पारू चुलीपुढं बसली होती, अंगावर माझी शाल. मी म्हटलं, 'आता तुला कुणी काय म्हणणार न्हाय. म्हटलंच तर मी हाय.'

तिनं चुलीत लाकूड पुढं सारलं. मग म्हणाली, 'आक्का, तुमी असं का सांगितलासा?'

'कसं?'

'त्यास्नी थंडी वाजत हुती म्हणून.'

'पारू, खरं हाय ते. ल्हानपणापासनं...'

'असंल खरं. पन जाताना त्यांनी माझं नाव घेतलं हुतं न्हवं? पारू येणार हाय, गाडी तापवून ठेवतो. शेवटचा शब्द हुता त्यांचा. लोक कायबी म्हणू देत, पांढऱ्या पायाची म्हणू देत, मी ऐकून घेत हुते. मला तेवढं एकच हुतं, आक्का. तेबी तुमी काढून घेतलासा.'

मारत्या, मला तोंडात मारल्यासारखं झालं. मी एवढी शिकलेली, एवढी भांडकुदळ, भरल्या मांडवात आईच्या तोंडावर खरं बोलणारी, आणि त्या पोरीचं एवढं साधं मला दिसलं नाही. आता तूच सांग. त्या पहाटे ती खुट्टी ओढलीस तेव्हा कुणासाठी ओढलीस? ती दवानं भिजून येणार हे तुला माहीत होतं. तिला शेगडी नको असते, हेही माहीत होतं. मग ती येईपर्यंत गाडी तापवून, ती आली की शेगडी मिटायची आणि काच खाली करायची, असं काही तुझ्या मनात होतं का? का नेहमीसारखीच थाप? मी रात्रंदिवस दोन्ही बाजूंनी भांडून बघते आणि दोन्ही बाजूंनी हरते. सांगणारा तू एकटाच, आणि तू मातीत जाऊन बसलास.

त्या सकाळी चुलीपुढं पारू माझ्याकडं बघत होती. उत्तराची वाट बघत होती.

'व्हय गं,' मी म्हटलं. 'तुझ्यासाठीच गाडी तापवून ठेवली हुती.'

तिनं मान खाली घातली आणि शाल गळ्याशी घट्ट ओढून घेतली. तिला खरंच थंडी वाजत होती.